सरस भिजत घालताना : पेंटरमामांना अनावृत पत्र

फोंडा, गोवा

आदरणीय पेंटरमामांस,
सादर नमस्कार.

तुमचा बटणांचा फोन ओसरीवरच्या कोनाड्यात पडून असतो आणि तो वाजला की घरातले दुसरेच कोणीतरी उचलते, हे मी तुमच्याकडे नाटकाचे पडदे रंगवायला शिकताना वर्षभर पाहत आले आहे. म्हणून हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवील, अशी व्यवस्था केली आहे. तरीही ते सर्वांसमोर लिहिण्याचे एक कारण आहे. ‘हल्ली तू कुठे दिसत नाहीस, बरी आहेस ना?’ असे विचारणाऱ्या ओळखीच्या माणसांना मी आजवर दरवेळी वेगळे आणि अर्धवट उत्तर देत आले. खरे उत्तर तुमचा उल्लेख केल्याशिवाय देता येत नाही आणि तुमचे आभार मी तोंडाने मानले असते, तर तुम्ही ते ऐकून न ऐकल्यासारखे करून मला कुंचले धुवायला पाठवले असते.

गेल्या जून महिन्यात मी पुण्याहून घरी परतले, तेव्हा मी चित्रकार होते की चित्रांची जाहिरात करणारी बाई होते, हे मला नीट सांगता आले नसते. फोन स्वतःच दर आठवड्याला हिशेब द्यायचा : दिवसाला सरासरी 6 तास 40 मिनिटे. महिन्याचे 200 तास. चित्र निम्मे व्हायच्या आत ते समाजमाध्यमांवर कोणत्या वेळी टाकावे, त्याखाली काय लिहावे, याचा विचार सुरू होत असे. कागदावर काय शोभेल यापेक्षा हातभर अंतरावरच्या काचेवर काय उठून दिसेल, यावरून रंग ठरत असत. सर्वांत लाजिरवाणी गोष्ट सांगते. संथ जगण्याचे महत्त्व सांगणारी तीस सेकंदांची एक चित्रफीत मी त्या दिवसांत केली होती. मातीचा कप, खिडकीतला पाऊस, उघडी वही, असा सगळा थाट. ती कापून-जोडून तयार करायला मला सहा तास लागले आणि त्या सहा तासांत कपातला चहा तीनदा गार झाला.

यातून सुटण्याचे उपाय मी केले नव्हते, असे नाही. अ‍ॅप काढून टाकले आणि तिसऱ्या दिवशी परत घेतले. फोनचा पडदा काळा-पांढरा केला. दोन दिवसांत डोळे त्यालाही सरावले. वेळेची मर्यादा लावली, पण ती संपली की ‘आणखी पंधरा मिनिटे’ असे बटण समोर येई आणि ते दाबणारा अंगठा माझाच असे. पुढे कळले की बोट फिरवत राहावे आणि पान कधी संपूच नये, ही रचना 2006 साली आझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने केली होती आणि नंतर त्यानेच तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. पूर्वी पानाच्या तळाशी थांबावे लागे. पुढचे पान पाहायचे की नाही, हे क्षणभर तरी ठरवावे लागे. तो क्षणच काढून घेतला गेला. तुमच्या भाषेत सांगायचे, तर अंक संपला तरी पडदा पडणारच नाही, असे ते नाटक आहे.

देवळाच्या सभागृहात मी तुम्हाला प्रथम भेटले, तेही अशाच कामासाठी. जत्रेच्या नाटकांचे जुने रंगवलेले पडदे तिथे माळ्यावर पडून आहेत, असे आईकडून समजले होते आणि त्यांचे फोटो घेऊन आठवडाभराची मालिका करावी, असा माझा बेत होता. तुम्ही जमिनीवर उकिडवे बसून जंगलाच्या पडद्याचा कुजलेला कोपरा उसवत होता. मी फोन काढला. तुम्ही वर न पाहता, पडद्याची दुसरी बाजू जरा धरशील का, असे विचारले. दोन्ही हातांनी धरावी लागेल, असेही सांगितले. फोन मी पिशवीत टाकला. तो पिशवीत गेला तो दुपारी एकपर्यंत तिथेच राहिला आणि त्या चार तासांत मला त्याची आठवण झाली नाही, हे मला घरी जेवायला बसल्यावर लक्षात आले.

मामा, वर्षभरात तुम्ही मला एकदाही फोन कमी वापरण्याचा सल्ला दिला नाही. असा सल्ला देणारे मला पुष्कळ भेटले होते आणि त्यांतले बहुतेक जण तो फोनवरूनच देत असत. तुम्ही मला फक्त दोन्ही हात गुंततील असे काम दिलेत. सरसाने, म्हणजे रंग कालवायच्या गोंदाने, चिकट झालेल्या, गेरूने लाल झालेल्या बोटांना काचेचा पडदा जुमानत नाही. मनाचा निग्रह वगैरे काही लागत नाही. माझ्यासाठी हे सर्वांत मोठे साहाय्य ठरले आणि ते तुम्ही जाणूनबुजून केलेत की कामाला माणूस कमी होते म्हणून झाले, हे मी तुम्हाला विचारणार नाही.

तुम्ही शिकवलेले सगळे इथे मांडण्याचा माझा इरादा नाही, पण काही गोष्टी लिहून ठेवल्या पाहिजेत, कारण पडदे रंगवणारे हात आता आपल्या तालुक्यात फारसे उरलेले नाहीत आणि छापलेले फ्लेक्स टांगून नाटके होऊ लागली आहेत. सरसाचे खडे रात्री पाण्यात भिजत घालायचे, सकाळी पातेल्यातल्या पाण्यात तो डबा ठेवून मंद आचेवर विरघळवायचे, उकळी मात्र येऊ द्यायची नाही. उकळला की त्याची पकड जाते. मांजरपाटाचे पट्टे जोडून शिवायचे, ताणायचे आणि सरस व खडूची पूड यांचा हात द्यायचा. मग दोघांनी दोन टोके धरून रंगाच्या पुडीत घोळलेली दोरी ताणायची आणि मधोमध टिचकी मारायची, की वीस फुटांची सरळ रेघ एका क्षणात उमटते. (त्या टिचकीचा आवाज मला अजून आवडतो.) आखणीसाठी कोळशाची कांडी बांबूच्या काठीच्या टोकाला बांधायची आणि उभे राहून, अख्ख्या खांद्याने रेघ ओढायची. मी आयुष्यभर मनगटाने आणि अलीकडे नुसत्या तर्जनीने चित्रे काढत आले होते. पहिल्या आठवड्यात माझा खांदा इतका दुखला की आईने तेल गरम करून दिले.

आणि रंग. सरसात कालवलेला रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की कितीतरी फिका पडतो, हे तुम्ही सांगितले होते. मी ऐकले, पण मनावर घेतले नाही. झाडांच्या सावलीसाठी मी हिरवा कालवला, लावला, तो मला भडक वाटला, म्हणून त्यात पांढरा मिसळून पुन्हा लावायला गेले. खालचा थर ओलसर झाला, कुंचल्याबरोबर उठला आणि हातभर जागेत चिखल झाला. डिजिटल चित्रात ‘मागे जा’ असे बटण असते, ते मी दिवसातून शेकडो वेळा दाबत असे. इथे एकदा फिरवलेला कुंचला पुन्हा तिथेच घासायचा नसतो. तुम्ही रागावला नाहीत. ‘सुकूं दी गो बाय, फाल्यां पळोवया’ (वाळू दे गं बाई, उद्या पाहू), इतकेच म्हणालात आणि पेज घ्यायला उठलात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर चिखलाच्या वरचा, मी घाबरून हात न लावलेला हिरवा अगदी हवा तसा उतरला होता.

त्या ‘फाल्यां’ने माझ्यात जे केले, ते कोणत्याही मर्यादेच्या बटणाने केले नसते. आपण केलेले काम बरे की वाईट, हे आज कळणारच नाही, उद्या कळेल, अशी ज्या कामाची रीतच आहे, त्यात लगेच कोणाची दाद मिळवण्याची सोय नसते. पहिले काही दिवस मला ते असह्य झाले. संध्याकाळी घरी गेल्यावर, दिवसभराचे काम कोणालातरी दाखवावे म्हणून जीव कासावीस होई. मग हळूहळू ते ओझे उतरले. कसे उतरले, ते मला सांगता येत नाही. पावसाळ्यात तर वाळायला दोन दोन दिवस लागत आणि त्या रिकाम्या दिवसांत मी वहीत साधी रेखाटने करू लागले. कोणासाठी नव्हे. पदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल, तुळशीवृंदावन, चवथीत गणपतीवर टांगतात त्या माटोळीला बांधलेली कवंडळांची रानफळे आणि सुपारीचे शिपटे. चवथीत नातेवाइकांच्या गर्दीत एक दुपार मी पुन्हा तीन तास फोनवर घालवली, हेही प्रामाणिकपणे लिहिते.

तुम्ही एकदा बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर यांची नावे घेतलीत. सिनेमाकडे वळण्यापूर्वी कोल्हापूरच्या या दोघांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून नाव कमावले होते. पूर्वीची मी असते, तर तिथेच फोन काढून दोन ओळी वाचल्या असत्या आणि विसरलेही असते. या वेळी कदंबच्या बसने पणजीला गेले आणि पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात चार दुपारी बसले. 1832 साली ‘पब्लिका लिव्रारिया’ या नावाने सुरू झालेले आणि आज कृष्णदास शामांचे नाव असलेले हे ग्रंथालय आपल्यापासून जेमतेम तासाभराच्या अंतरावर आहे आणि मी त्यात शाळेनंतर पाऊल ठेवले नव्हते. शोधत होते त्यातले थोडेच सापडले, पण वाटेत दीनानाथ दलालांची मुखपृष्ठे पुन्हा पाहता आली. 1916 साली गोव्यात जन्मलेल्या या चित्रकाराचे दिवाळी अंक आमच्या आजोबांच्या कपाटात होते. लहानपणी मी चित्रकार व्हायचे ठरवले ते त्या मुखपृष्ठांपायी, हे मी पार विसरून गेले होते.

इथे एक तक्रारही नोंदवते. गोव्याबद्दल बोलताना बाहेरची माणसे ‘सुशेगाद’ हा शब्द असा वापरतात, जणू आपण सगळे झोपाळ्यावरच जन्मलो. पोर्तुगीजांतून आलेल्या त्या शब्दाचा अर्थ शांत, निवांत असा आहे; आळशी असा नाही. तुम्ही सकाळी आठला कुंचला धरता, एकला ठेवता, दुपारी तासभर पडता, चारला पुन्हा धरता आणि उजेड गेला की थांबता. इतके नेमस्त आणि इतके भरपूर काम करणारा दुसरा माणूस मी पुण्याच्या वातानुकूलित कचेऱ्यांत पाहिला नाही. मी आता हाच दिवसक्रम माझ्या पोटापाण्याच्या कामाला लावला आहे : सकाळी चित्र, दुपारी चार वाजता एकदाच ग्राहकांचे निरोप. उत्पन्न काहीसे घटले. दोन ग्राहक, उत्तर उशिरा येते म्हणून, दुसरीकडे गेले. ते दुःख खोटे नाही, पण त्यासाठी जुना दिवसक्रम परत घ्यावा, असे मला वाटत नाही.

मार्गशीर्षात जत्रा झाली. जंगलाचा पडदा तिसऱ्या अंकात पडला. तुम्ही मला सगळ्यात मागे, जिलबीच्या दुकानाच्या बाजूला उभे केले होते, कारण पडदा तिथूनच पाहायचा असतो. जवळून ते नुसते ठिपके आणि ओघळ असतात. ज्या निळ्यावरून आपण आठवडाभर वाद घातला होता, तो पिवळ्या दिव्यांत तुम्ही म्हणाला होतात तसाच दबला आणि धुक्यासारखा मागे सरला. प्रवेश फार तर दहा-बारा मिनिटे चालला. पडद्याकडे कोणी पाहिले नाही, सगळ्यांचे लक्ष राजाच्या गाण्याकडे होते आणि तसेच असायला हवे होते. खालच्या कोपऱ्यात ज्यांच्या स्मरणार्थ कापडाचे पैसे आले, त्यांचे नाव आहे; तुमचे नाही, माझेही नाही. माझ्या शेजारच्या तीन जणांनी नाटकाचे चित्रण केले. मी केले नाही आणि त्या रात्रीचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

या सगळ्यासाठी मी तुमची मनापासून ऋणी आहे. कापडाचा दर, सरसाचा वास, पाठीचा ताण आणि माझे अडाणी प्रश्न, हे सगळे तुम्ही वर्षभर सहन केलेत. तुमच्या घरच्यांचेही आभार. माझ्यासाठी रोज वाटीभर जास्त पेज शिजत होती, हे मला उशिरा कळले.

राजवाड्याच्या पडद्याचे खांब सोमवारी आखायचे, असे आपले ठरले आहे. दोरी नवी घेतली आहे. जुना डबा गळतो, म्हणून पितळेचा एक आईकडून मागून आणला आहे आणि हे पत्र संपवून मी त्यात सरस भिजत घालते आहे.

तुमची नम्र,
पडद्याची दुसरी बाजू धरणारी