म्युझिकफेराइन बाहेरून पाहून परत येऊ नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यातल्या युरोप सहलींच्या कार्यक्रमपत्रिका पाहिल्या तर व्हिएन्नाच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. सकाळी शोनब्रुन राजवाडा, दुपारी रिंग रस्त्यावरून बसने फेरी आणि त्या फेरीत कुठेतरी ‘म्युझिकफेराइन – बाहेरून’. म्युझिकफेराइन म्हणजे तिथल्या संगीतप्रेमींच्या संस्थेची मैफलींची इमारत. संगीतावर जीव असलेल्या मराठी प्रवाशाने या ‘बाहेरून’वर समाधान मानू नये, एवढ्यासाठी हे पत्र. या इमारतीतले सुवर्ण सभागृह फोटोत झळाळते खरे, पण त्याची कीर्ती सोनेरी मुलाम्यामुळे झालेली नाही. ती वास्तू कानांनी पाहायची आहे, आणि त्यासाठी खिसा रिकामा करावा लागत नाही.

आधी पत्ता. चालत दहा-पंधरा मिनिटांच्या टापूत इथे संगीताच्या तीन मोठ्या वास्तू आहेत: स्टाट्सओपर हे ऑपेरागृह, १९१३ सालचे कॉन्सर्टहाउस आणि म्युझिकफेराइन. नवखा माणूस यांत हमखास गोंधळतो. तिकिटावर इमारतीचे नाव वाचावे, तसेच सभागृहाचेही. म्युझिकफेराइनमध्ये ‘ग्रोसर झाल’ म्हणजे सुवर्ण सभागृह; ‘ब्राम्स झाल’ हे सुमारे ६०० आसनांचे वेगळे दालन; आणि जमिनीखाली काच, धातू, दगड, लाकूड अशा नावांची चार छोटी दालने आहेत, ती २००४ साली झाली. मेट्रोने कार्ल्सप्लाट्झ स्थानकावर उतरले की इमारत पाच मिनिटांवर आहे.

आता आवाजाबद्दल, कारण सगळी गोम तिथे आहे. थिओफिल हान्सेन या वास्तुविशारदाची ही इमारत ६ जानेवारी १८७० रोजी खुली झाली. सभागृहाचा ध्वनी गणिताने बांधण्याचे शास्त्र तेव्हा नव्हतेच; ते वापरून बांधलेले पहिले मोठे सभागृह बोस्टनचे, १९०० सालचे. हान्सेनने घेतला तो जुना, बुटाच्या खोक्यासारखा आकार: लांबी सुमारे ४९ मीटर, रुंदी १९ आणि उंची १८. यातली रुंदी महत्त्वाची. समजा, वादकापासून २० मीटरवर सभागृहाच्या मधोमध तुम्ही बसला आहात. व्हायोलिनचा सूर थेट तुमच्याकडे येतो. तोच सूर बाजूच्या भिंतीवर आपटून येतो तेव्हा त्याला साडेसात मीटर जास्त चालावे लागते, म्हणजे सेकंदाचा जेमतेम पन्नासावा भाग उशीर. इतक्या कमी अंतराने आलेले दोन आवाज कान वेगळे मोजत नाही. त्याला एकच, पण भरीव आणि दोन्ही बाजूंनी वेढणारा सूर ऐकू येतो. सभागृह ४० मीटर रुंद असते तर हाच उशीर तिपटीहून अधिक झाला असता आणि सूर समोरच्या एका ठिपक्यातून आल्यासारखा वाटला असता. पंख्यासारख्या पसरट सभागृहांत नेमके हेच घडते.

बाकीचे काम नक्षी करते. भिंतीलगतच्या सोनेरी स्त्रीमूर्ती, सज्जांचे कठडे, छतातले खोल चौकोन यांच्यावर आदळून आवाज विखुरतो, त्यामुळे तो आरशासारखा एकाच दिशेने परतून बोचत नाही. सपाट गुळगुळीत भिंती असत्या तर हाच सूर कर्कश झाला असता. 

सभागृह भरलेले असताना निनाद सुमारे दोन सेकंद टिकतो, रिकामे असताना तीनच्या आसपास. फरक माणसांचा: प्रत्येक श्रोता, त्याचे कपडे, आवाज शोषतात. म्हणूनच दिवसाच्या मार्गदर्शित फेरीत टाळी वाजवून जे ऐकू येते तो या सभागृहाचा खरा आवाज नव्हे. (दोन सेकंदांचा निनाद सिंफनीला, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेला, मानवतो, नाटकाला तो मारक, व्यंजने एकमेकांत मिसळतात. आपल्या नाट्यगृहांना हे माप लावू नये.)

फेरी पाऊण तासाची असते, जर्मन आणि इंग्रजीत. तालीम चालू असेल तर सुवर्ण सभागृह दाखवत नाहीत, हे आधी विचारून घ्यावे. वेळ एकाच गोष्टीला असेल तर फेरी सोडावी, मैफल सोडू नये.

हंगाम सप्टेंबर ते जून. म्हणजे आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तो चालू असतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र बहुतांशी पर्यटकांसाठीचे कार्यक्रम उरतात. तिकीट संस्थेच्या संकेतस्थळावरून घ्यावे. सभासदांना आधी संधी मिळते, उरलेली तिकिटे नंतर खुली होतात. व्हिएन्ना फिलहार्मोनिक या नामांकित वाद्यवृंदाच्या शनिवार दुपारच्या आणि रविवार सकाळच्या मैफलींची वर्गणी मिळायला वर्षे जातात आणि नववर्षाच्या मैफलीची तिकिटे सोडतीने निघतात. तिच्यासाठी आधीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच नाव नोंदवावे लागते. पण या छताखाली इतरही उत्तम वाद्यवृंद वाजवतात, त्यांची तिकिटे मिळतात. ऑपेरागृहाजवळ आणि श्टेफान्सप्लाट्झवर केसांचा टोप आणि जुना अंगरखा घातलेले विक्रेते भेटतात. त्यांच्या कार्यक्रमांत बहुधा लोकप्रिय रचनांचे तुकडे असतात. घ्यायचेच तर कुठले सभागृह, कोण वाजवणार आणि काय वाजवणार हे तीन प्रश्न विचारून मगच पैसे द्यावेत.

जागा निवडताना लक्षात ठेवायचे ते असे. तळमजला सपाट आहे. मागच्या रांगांतून पुढची डोकी दिसतात, फुंकवाद्ये दिसत नाहीत. बाजूच्या सज्जात पहिली रांग चांगली. तिच्यामागून व्यासपीठ पाहायचे तर मान वाकडी करून किंवा उभे राहून. पाहणे महत्त्वाचे असेल तर समोरचा मधला सज्जा घ्यावा. ऐकणेच महत्त्वाचे असेल तर स्वस्त जागेवर फारसे काही गमवावे लागत नाही. सर्वांत स्वस्त म्हणजे उभ्याची तिकिटे: १,७४४ आसनांच्या जोडीला सुमारे ३०० जागा, तळमजल्याच्या मागच्या टोकाला. त्यांना क्रमांक नसतो. कठड्याला टेकता येईल अशी जागा हवी असेल तर दार उघडण्याआधी पोहोचावे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये, मध्यंतर धरून दोन तास उभे राहायचे असते.

कोट, छत्री, पाठीवरची पिशवी क्लोकरूममध्ये द्यावी लागते, तिथे रांग असते. साडेसातच्या मैफलीला सातला आत असावे. उशीर झाला तर मध्ये सोडत नाहीत. कपड्यांचे बंधन नाही. साडी, कुर्ता, साधी पँट, काहीही चालते. सरसरणारे जाकीट नको. खोकल्याची गोळी आधीच कागदातून सोडवून ठेवावी, तो कुरकुर आवाज या सभागृहात दहा रांगा ऐकतात.

आपल्याला सर्वांत अवघड जाते ते दाद आवरणे. आपल्या मैफलीत समेवर ‘वाहवा’ न येणे हाच कलाकाराचा अपमान. तिथे सिंफनीच्या दोन भागांमध्येही टाळी वाजत नाही. सिंफनीचे भाग बहुधा चार, कंचेर्तोचे (एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्या रचनेचे) तीन. कार्यक्रमपत्रिकेत मोजून ठेवावेत. तरी फसगत होते. चायकोव्स्कीच्या सहाव्या सिंफनीचा तिसरा भाग असा दणक्यात संपतो की अनेक हात आपोआप उठतात, आणि खरा शेवट चौथ्या भागात, विझत विझत होतो. वाद्यवृंदाच्या संचालकाचे हात खाली येईपर्यंत थांबावे. तो शेवटचा सूर विरतो, त्या दोन सेकंदांत हे सभागृह उलगडते.

या जागेशी आपल्या मुंबईचे नातेही आहे. वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता १९५४ साली, अठराव्या वर्षी व्हिएन्नात शिकायला आले. मोठ्या संचालकांच्या तालमी जवळून पाहता याव्यात म्हणून ते आणि सहाध्यायी क्लाउदिओ अबादो (पुढे तेही नामवंत संचालक झाले) म्युझिकफेराइनच्या संस्थेच्या गायनवृंदात दाखल झाले. पुढे मेहतांनी याच व्यासपीठावरून नववर्षाची मैफल पाचदा संचालित केली, १९९० ते २०१५ या काळात.

सहल आयोजकांना विनंती: व्हिएन्नाच्या मुक्कामाची एक संध्याकाळ मोकळी ठेवा आणि त्या आठवड्यातल्या मैफलींची यादी प्रवाशांना निघण्याआधी द्या. जेवण सहालाच उरकावे लागेल, कारण मैफल संपते साडेनऊच्या सुमारास आणि पुष्कळ उपाहारगृहांचे स्वयंपाकघर दहाला बंद होते. कार्ल्सप्लाट्झहून परतीची मेट्रो मात्र मध्यरात्रीपर्यंत आरामात मिळते.

आपला,
एक वाचक