सोलर दिवा फेकू नका, आतला सेल बदला

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमच्याकडे अंगणात, गोठ्यापाशी सोलर दिवे बरेच लागलेत, पण जरा मंद झाले की लोक सरळ उकिरड्यावर टाकतात अन् बहुतेक वेळा संपलेला असतो फक्त आतला सेल. स्क्रू खोलून पाहा, छोट्या दिव्यात बहुधा १.२ व्होल्टचा रिचार्जेबल सेल असतो, तसाच नवा टाका, घड्याळातला साधा १.५ व्होल्टचा अजिबात नको, चार्ज होताना तो गळू शकतो. सेल टेकतो त्या धातूच्या पत्तीवर हिरवट थर असला तर घासून काढा. वावरातली धूळ पॅनलवर बसते, ओल्या फडक्यानं पुसत जा. जुन्या निकेल कॅडमियम सेलमधलं कॅडमियम विषारी असते हो, ते मातीत जाऊ नये! २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, मग तालुक्याच्या दुकानात जमा करायला एक डबा तरी ठेवा ना.

एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ