मेयोतली ओसाड घरं आणि आपली वाडी

कॅसलबार, काउंटी मेयो

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तू राहतेस तो मुलूख आहे तरी कसा?" मी ड्युटीवर होते, 'पाऊस फार' एवढंच बोलून फोन ठेवला. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. आज सुट्टी आहे, नीट लिहिते.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा. मेयो आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, पुढे थेट अटलांटिक. गवत, मेंढ्या आणि शेताशेतांतून गडगे. मातीचुन्याशिवाय दगडावर दगड रचलेले, अगदी आपल्या परड्यासारखे.

गेल्या रविवारी अ‍ॅकिल बेटावर गेले होते. तिथे स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी एक ओसाड गाव आहे. ८०-१०० दगडी घरं ओळीने उभी, छप्पर एकावरही नाही. आई, एका घराच्या उंबऱ्यापाशी थांबले तर आत चुलीच्या जागी गवत वाढलेलं. पलीकडे उतारावर बटाट्याचे सरी-वरंबे अजून ओळखू येतात. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला, आणि पुढची काही वर्षं तो फिरून येतच राहिला. गरीब माणूस जगायचा तो बटाट्यावर; धान्य पिकायचं ते मालकाच्या खंडात जायचं. १८४१ साली या जिल्ह्यात ३ लाख ८८ हजार माणसं होती, दहा वर्षांनी २ लाख ७४ हजार. काही भुकेने आणि तापाने गेली, काही जहाजात चढली. आज लोकसंख्या १ लाख ३८ हजारांच्या आसपास आहे.

पण बाबा, तुम्हाला खरं सांगायचंय ते पुढचं. इथल्या स्ट्रेड गावचा मायकेल डेव्हिट चार वर्षांचा असताना खंड थकला म्हणून त्याच्या आईबापांना घरातून बाहेर काढलं. अकराव्या वर्षी इंग्लंडात कापड गिरणीत त्याचा उजवा हात गेला. याच माणसाने १८७९ साली कुळांना एकत्र करून लँड लीग ही त्यांची संघटना उभी केली. पुढच्याच वर्षी इथल्या लॉर्ड अर्न या जमीनदाराच्या कारभाऱ्याने कुळांना घराबाहेर काढण्याच्या नोटिसा धाडल्या, तेव्हा सगळ्यांनी त्याला वाळीत टाकलं. मजूर गेले, लोहार गेला, धोबीण गेली, दुकानदार माल देईनात. त्याचं ५०० पौंडांचं पीक काढायला बाहेरून ५० माणसं आणि राखणीला हजारभर शिपाई आणावे लागले, खर्च १० हजार पौंड. कारभाऱ्याचं नाव कॅप्टन बॉयकॉट. बहिष्काराला इंग्रजीत 'बॉयकॉट' म्हणतात ना, तो शब्द इथला! आपल्याकडे वाळीत टाकतात ते बहुधा दुबळ्याला. इथे दुबळ्यांनी मालकाच्या माणसाला टाकलं. तुम्ही चरीच्या संपाची गोष्ट सांगायचात ना, खोतांच्या जमिनी कसायला नाही म्हणणाऱ्या कुळांची, ती मला त्या गडग्यांमधून चालताना सारखी आठवत होती.

स्लीव्हमोरला कुठलं घर कुणाचं, हे सांगणारं मला कुणी भेटलं नाही. आपल्या वरच्या वाडीतली घरं गणपतीलाही उघडत नाहीत आता. म्हणून एक मागणं आहे. एका वहीत लिहून ठेवाल का, कुठल्या घरात कोण राहायचं, कोण कधी मुंबईला गेलं, विहीर कुणी खणली? आई, बायकांची माहेरची नावं तुला ठाऊक आहेत, ती तू सांग. बाबांना चष्मा नवा करायला सांग आधी. मी गणपतीला येतेय, तेव्हा वाचेन.

तुमची,
बाय