मस हुनी, मोरी आणि मायाथिला

अरि अटोल, मालदीव
रात्रीचे साडेनऊ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

निघण्याच्या आदल्या दिवशी तू विचारले होतेस, 'तिथले प्रवाळ मेले म्हणतात, मग एवढे पैसे घालून बघणार काय?' तेव्हा मी ते हसण्यावारी नेले. आज बोटीवरचा चौथा दिवस संपला, तीन बुड्या मारून झाल्या, केस अजून खारट आहेत, आणि तुला उत्तर देण्याइतके काही हाती लागले आहे असे वाटते.

आमचे राहणे, जेवणे, झोपणे मोठ्या बोटीवर असले, तरी पाण्यात उतरायचे ते सोबत चालणाऱ्या धोनी नावाच्या लहान बोटीवरून. सिलिंडर आणि ते भरणारा कॉम्प्रेसर हे सगळे तिच्यावर असते, त्यामुळे त्या यंत्राची धडधड निदान आमच्या झोपेच्या वाट्याला येत नाही. पहाटे साडेपाचला घंटा होते, फळ्यावर खडकाचा नकाशा काढून गाइड प्रवाहाची दिशा समजावतो, आणि डोळे पुरते उघडण्याआधीच आपण पाठीवर सिलिंडर घेऊन धोनीच्या काठावर उभे असतो.

पहिली बुडी मुशिमासमिंगिली थिलावर होती. बाहेरचे लोक तिला 'फिश हेड' म्हणतात. पाण्याबाहेर डोके न काढणाऱ्या बुडीत टेकडीला इथे थिला म्हणतात. पिवळ्या अंगावर निळ्या रेघा असलेल्या माशांचा थवा एवढा दाट, की त्याच्यामागचा खडक दिसेना. त्यापलीकडे, निळ्या पाण्यात, करड्या मोऱ्या, म्हणजे शार्क, एकामागून एक अंग न हलवता तरंगत होत्या. मालवणला मोरीचे मटण चापणाऱ्या आपल्या दोघांना त्यांच्याशी नजर भिडवायला जरा संकोचच वाटला असता! २०१० मध्ये मालदीवच्या सगळ्या पाण्यात मोरी मारायला बंदी घातली गेली, म्हणूनच त्या इतक्या निवांत असाव्यात.

आता माझी फजिती ऐक. तारकर्लीला शिकताना 'प्रवाहाशी भांडू नका' हे आपल्याला किती वेळा सांगितले गेले होते! तरीही मोऱ्या जवळून पाहाव्यात म्हणून मी प्रवाहाच्या तोंडावर पाय मारत राहिलो. पंचवीस मीटरवर दाब साडेतीन पट, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही साडेतीन पट लागते, आणि मी तर जिना चढल्यासारखा धापा टाकत होतो. तेविसाव्या मिनिटाला सिलिंडरमधल्या हवेच्या दाबाचा काटा सत्तर बारवर आलेला पाहून पोटात गोळा आला. गाइडने माझा दाबमापक पाहिला, काही न बोलता (तिथे बोलणार तरी कसा!) श्वास घ्यायचा आपला जादाचा पिवळा रेग्युलेटर माझ्या हातात दिला आणि मला पाच मीटरवर आणून तीन मिनिटे थांबवले. बाकीचे लोक वीस मिनिटांनी वर आले, आणि तोवर धोनीवर मी एकटाच ओला होऊन बसलो होतो.

न्याहारीला मस हुनी आणि रोशी होती. कुपा मासा, खवलेला नारळ, कांदा, मिरची आणि वर लिंबू. 'मस' म्हणजे मासा आणि 'रोशी' म्हणजे रोटी. इथली दिवेही भाषा आपल्याच कुळातली असल्याचा पुरावा ताटातच वाढलेला असतो.

दुसरी बुडी एका बेटाच्या कडेला, उथळ पाण्यात झाली, आणि तुझ्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळाले. तू म्हणालास ते अर्धे खरे आहे. पाच-सहा मीटरवर, जिथे ऊन भरपूर पोहोचते आणि जिथे खरे तर सर्वांत जास्त रंग हवेत, तिथे करड्या काड्यांचा नुसता खच पडला होता, जणू कोणी मोडकी कपबशी ओतून ठेवली आहे. १९९८ आणि २०१६ या दोन्ही वर्षी इथले पाणी तापले. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त उष्णता आठवडेच्या आठवडे टिकली, की प्रवाळ आपल्या पेशींत राहून अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो, आणि पाणी वेळेत निवले नाही तर उपाशी मरतो. मात्र त्याच भिंतीच्या कपारीत, सावलीत, जांभळे आणि केशरी मऊ प्रवाळ गच्च फुललेले होते. खचामध्ये तळहाताएवढा एक नवा प्रवाळ दिसला. फांद्यांची टोके फिकट निळी, मधे लपलेला एक बोटभर खेकडा. मी तिथे दहा मिनिटे तरी तरंगत राहिलो असेन. शेजारी पोपटमासा दगड कुरतडत होता आणि तो कुरकुर आवाज पाण्यातून स्पष्ट ऐकू येत होता; त्याने खाल्लेला चुनखडक मागून पांढरी वाळू होऊन पडतो. बेटांवरच्या ज्या शुभ्र वाळूचे फोटो लोक काढतात, त्यात या महाशयांचा वाटा मोठा आहे.

रात्रीची तिसरी बुडी मायाथिला नावाच्या थिलावर. माथा सहा मीटरवर, आणि त्याभोवती काळोख. तुझा टॉर्च मी नेला होता. त्याच्या उजेडात एखादा मासा सापडला, की पांढऱ्या टोकाच्या मोऱ्या आमच्या कोपरांखालून घुसून त्याच्यावर झडप घालत. दिवसा आळसावलेल्या मोऱ्या पाहिलेल्या मला त्यांचा हा वेग झेपेना. एक वाम बिळातून निघून माझ्या फिनखालून सरकत गेली. नंतर गाइडच्या खुणेवर सर्वांनी टॉर्च छातीशी दाबून धरले. अंधारात हात हलवला की बोटांमधून निळसर ठिणग्या सुटत होत्या. या वेळी वर आलो तेव्हा माझ्या सिलिंडरमध्ये नव्वद बार शिल्लक होते, हे मुद्दाम लिहितो.

तुझ्या कानाला डॉक्टरांनी पुन्हा परवानगी दिली का, ते कळव. तुझ्या टॉर्चची बॅटरी संपत आली आहे. परत देताना नवी घालून देईन.

तुझाच,
मित्र