टायगरच्या डॉक्टरबाईंना, पेडण्याहून

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. कुत्र्याचं पोट फुगलं की आमच्याकडे पहिला संशय भातावर जातो. त्यात चवथीचे दिवस. शेजारचे काका तर म्हणाले, "टायगरानं नेवऱ्या बऱ्याच हाणलेल्या दिसतात!" पण पोट वाढत होतं आणि पाठीचा कणा हाताला लागत होता. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल आली तरी हा जागचा उठेना. आधी एके ठिकाणी रक्त तपासलं. लिव्हरचे आकडे थोडे चढलेले निघाले, म्हणून टॉनिक मिळालं.

तुम्ही पोट दाबून पाहिलंत, हिरड्या पाहिल्यात आणि म्हणालात, "आधी सोनोग्राफी, मग औषध." केस भादरले, जेल लावलं, आणि मला स्क्रीनसमोर उभं केलंत. आभार मानायचे ते विशेष करून याचे. लिव्हरभोवती काळं दिसतं ते पाणी, हे मलाही कळलं. तुमचं लक्ष मात्र लिव्हरमागच्या मोठ्या शिरेवर होतं. निरोगी कुत्र्यात ती श्वासागणिक लहानमोठी होते. टायगरची फुगून तट्ट झाली होती, हलतच नव्हती. लिव्हरमधल्या शिराही जाड झालेल्या. पित्ताशयाची भिंत सुजलेली दिसली, तेव्हा मी घाबरून "म्हणजे कावीळ?" असं विचारलं. रक्त तुंबलं तरी ती सुजते, असं तुम्ही शांतपणे सांगितलंत.

मग प्रोब जरा वर वळवलात. छाती आणि पोटामधल्या पडद्यापलीकडे हृदय धडधडत होतं, आणि त्याच्याभोवतीही काळं कडं! हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी भरलं की आधी उजवी बाजू दबते, कारण तिथला दाब कमी असतो. परतणारं रक्त आत शिरेना की मागे लिव्हरमध्ये तुंबतं आणि तिथून पोटात झिरपतं. मी खाजनाकाठचा, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतांजवळचा माणूस, मला मानशीचं (बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेचं) दार अडकल्यावर चढणारं पाणी आठवलं. पण पाणी तुंबलंय तर लघवीच्या गोळ्या द्या, हा माझा आग्रह तुम्ही मोडून काढलात ते बरं झालं. अशा वेळी हृदयाला भरायला रक्ताचा जोर लागतो, गोळ्यांनी तोच आणखी कमी होतो.

पिशवीतलं पाणी काढण्याआधी तुम्ही हृदयाच्या कडा नीट न्याहाळल्यात. गाठ असली तर भोवती पाणी असताना ती जास्त स्पष्ट दिसते म्हणे. गाठ दिसली नाही. मग उजव्या बरगड्यांमधून सुई. नळीत आलं ते रक्तासारखं लाल, आणि माझे पाय लटपटले. तुम्ही ती नळी तशीच ठेवून दिलीत. सुई हृदयात गेली असती तर ते ताजं रक्त गोठलं असतं. ते गोठलं नाही, तेव्हा म्हणालात, "हे पिशवीतलंच." नाडी तिथेच सुधारली. पोटातलं पाणी तुम्ही उपसलं नाहीत, ते पुढे आपसूक जिरत गेलं.

पाणी पुन्हा साठू शकतं, गाठ नाही दिसली म्हणजे नाहीच असं नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. म्हणून आमची बाय रोज सकाळी त्याच्या हिरड्यांचा रंग बघते. टायगरला ते बिलकूल पटत नाही. पुढच्या सोनोग्राफीला त्याला उपाशीपोटीच आणतो, काकांनाही तशी ताकीद दिली आहे.

आपला,
टायगरचा मालक