नावं ठाऊक नसलेल्यांचे आभार

गेल्या श्रावणात आई सलग चार रात्री झोपली नाही. पहाटे तीनला पुरण शिजवायची, सकाळी तेच पातेलं मोरीत उपडं करायची आणि पुरण चोरलं म्हणून माझ्या अंगावर धावून यायची. अर्ध्या चाळीचं मत, अंगात येतं. उरलेल्यांचं, वहिनीशी पटत नाही. (वहिनी दोन वर्षं दुबईत आहे.)

टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मध्यरात्री माझ्याशी मराठीत बोललेल्या ताई, तुमचे आभार. ही सेवा २०२२ पासून आहे, चोवीस तास आणि फुकट, हे मला तोवर माहीतच नव्हतं. आजाराचं नाव तुम्ही घेतलं नाहीत. ते फोनवर ठरत नाही म्हणालात. वाद घालू नका, आवाज खाली ठेवा, विळी-सुऱ्या नजरेआड करा आणि झोपेचे तास वहीत लिहा, एवढंच सांगितलंत. पुढे डॉक्टरांनी सगळ्यात आधी ती वहीच वाचली. थायरॉइडही तपासायला सांगितलं, त्यानेही माणूस बिथरतो म्हणे.

रिक्षावाले दादा, तुम्ही वाटभर आईशी लिंबाच्या लोणच्यावर बोलत राहिलात. ती दवाखान्याच्या दारात आपणहून उतरली.

आणि खालच्या काकू. आईने जिन्यात तुम्हाला नको नको ते बोलून घेतलं, तरी दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन तिच्याकडेच साखर मागायला आलात. साखर तुमच्या घरात होती, मला ठाऊक आहे.

निदान अजून पक्कं नाही. काल आई सहा तास झोपली.