आई-बाबा, मी चेरी काउंटीत जाते आहे

ती. आई-बाबा यांस,
सा. न.

फोनवर हा विषय निघाला की आई गप्प होते आणि बाबा "बरं, बरं" म्हणत क्रिकेटवर जातात, म्हणून लिहिते आहे. डॉक्टर म्हणून तिथे काम करायच्या करारावर सही झाली आहे. अमेरिकेतलं नेब्रास्का राज्य, चेरी काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), गाव व्हॅलेंटाइन, मुदत तीन वर्षं. आता त्यात बदल होणार नाही, पण तुम्हाला सगळं नीट कळलेलं असावं.

आधी जे बोलायला अवघड आहे ते. माझा व्हिसा जे-१, म्हणजे इकडे शिकायला आलेल्या परदेशी डॉक्टरांना मिळतो तो. शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी राहायचं, मगच इकडे नोकरीचा व्हिसा, असा त्याचा नियम आहे. म्हणजे दोन वर्षं घरी येता आलं असतं. आई, तू हे विचारलं नाहीस, पण मनात आलंच असणार. या नियमातून सूट मिळायचा एक रस्ता आहे. कॉनराड नावाच्या सिनेटरने १९९४ मध्ये आणलेला. जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं, आठवड्याला ४० तास काम करायचं. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा फक्त ३० जागा. आधी राज्याचं आरोग्य खातं शिफारस करतं, मग वॉशिंग्टनचं परराष्ट्र खातं, मग इमिग्रेशन. मंजुरी आल्यापासून ९० दिवसांत रुजू व्हावं लागतं आणि मधेच सोडलं तर सूट जाते. उलट दोन वर्षं घरी राहून परत यायचं म्हटलं तर नवी नोकरी, नवा व्हिसा, सगळं पहिल्यापासून, आणि तेव्हा काय नियम असतील कोणी सांगावं? घरावरचा बोजा उतरवायचा तर मधे पगार थांबून चालणार नाही. बाबा, "त्याची काळजी करू नकोस" हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. करणार.

आता गाव. तुमच्या खोलीतला जिल्ह्याचा नकाशा काढा. आपला पुणे जिल्हा १५,६४३ चौरस किलोमीटर, चेरी काउंटीही जवळजवळ तेवढीच. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत माणसं ९४ लाख. तिथे २०२० मध्ये ५,४५५. त्यातली २,६३३ एकट्या व्हॅलेंटाइनमध्ये. उरलेली माणसं मुळशीपासून इंदापूरपर्यंत विखुरली आहेत असं समजा. नेन्झेल नावाच्या गावात तर विसाच्या आसपास माणसं, म्हणजे आपल्या वाड्यात गणपतीला असतात त्यापेक्षा कमी.

कारण सगळं जमिनीत आहे. त्या भागाला सँडहिल्स म्हणतात. वाळूच्या टेकड्या, काही शंभर मीटरहून उंच, पण राजस्थानासारख्या उघड्या नाहीत, वर गवताची साय धरलेली. पाऊस पडला की पाणी वाहून जात नाही, थेट खाली मुरतं. खाली ओगालाला नावाचा प्रचंड मोठा भूजलसाठा आहे, त्यामुळे दोन टेकड्यांमधल्या खोलगट भागात पाणी आपोआप वर येऊन तळी झाली आहेत. पाणी भरपूर, पण नांगर लावला की संपलं. गवताची मुळं तुटली की वारा वाळू उकरायला लागतो आणि टेकडीच्या पोटात खड्डा पडतो. त्याला ब्लोआउट म्हणतात. तो थांबवायला लोक त्यात जुने टायर टाकतात, जनावरं दूर ठेवायला कुंपण घालतात, आणि गवत परत धरायला काही वर्षं जातात.

सरकारने १९०४ मध्ये किंकेड कायदा करून कुटुंबामागे ६४० एकर फुकट दिले. बाबा, ६४० एकर! आपल्याकडे एवढ्यावर चार पिढ्या भांडल्या असत्या. तिथे मात्र ते पुरले नाहीत. एका गाईला नि तिच्या वासराला वर्षाला पंधरा-वीस एकर चराई लागते. म्हणजे ६४० एकरात तीस-चाळीस गाई, त्यावर घर चालत नाही. शेती करायला गेलेल्यांची वाळू उडाली, त्यांनी विकलं, शेजारच्याने घेतलं, रँच, म्हणजे गुरं चारायच्या जमिनी, मोठे होत गेले. कृष्णवर्णीय कुटुंबांनी १९०७ च्या सुमारास वसवलेलं डिविटी नावाचं गावही याच काउंटीत होतं, तेही असंच उठलं. १९२० मध्ये लोकसंख्या अकरा हजारांवर होती, आता निम्मी. माणसं कमी म्हणून दवाखाने कमी, आणि दवाखाना आहे तिथे डॉक्टर टिकत नाही. मला जागा मिळाली ती यामुळे.

आई, गाईंचं सांगूनच टाकते, नाहीतर शेजारच्या काकू गुगल करून सांगतील. मांसासाठी पाळलेल्या गाई अख्ख्या अमेरिकेत सर्वात जास्त याच काउंटीत आहेत, दीड लाखाच्या वर. दूध कोणी काढत नाही, सगळं वासरू पितं. माझ्या ताटात काय असतं नि काय नसतं ते तुला माहीत आहे, त्यात बदल नाही. माझ्याकडे येतील ती त्यांना सांभाळणारी माणसं. वसंतात वासरांना डाग देतात तेव्हा दोराच्या वेढ्यात अडकलेला अंगठा, घोड्यावरून पडून मोडलेलं कॉलरबोन, उन्हाळ्यात गवत बांधायच्या यंत्रात गेलेला हात. शिवाय बीपी, साखर, गुडघे, म्हणजे तुम्ही दोघं.

हॉस्पिटल लहान म्हणून घाबरू नका. अशा हॉस्पिटलांना क्रिटिकल अॅक्सेस म्हणतात, १९९७ च्या कायद्यापासून. जास्तीत जास्त २५ खाटा, इमर्जन्सी चोवीस तास, आणि रुग्ण सरासरी ९६ तासांच्या आत घरी किंवा मोठ्या ठिकाणी. मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, त्यांना ठराविक दराऐवजी झालेल्या खर्चाच्या १०१ टक्के देतं, म्हणून ती तग धरून आहेत. गंभीर रुग्णाला स्थिर करून विमानाने पुढे पाठवायचं. यात घोळ होतो तो हवामानाने. बर्फ सुरू झालं की विमान उडत नाही आणि रस्त्याने ओमाहा पाच तासांवर. म्हणून "पाठवायचं का" हे तिथे लवकर ठरवावं लागतं. नानांच्या वेळी आपण ज्या "सकाळी बघू"वर थांबलो, तशी वाट तिथे कोणी बघत नाही.

आणखी एक गंमत. काउंटीच्या मधूनच वेळेची रेषा जाते. मेरीमन गाव शंभरेक किलोमीटर पश्चिमेला, तिथलं घड्याळ व्हॅलेंटाइनच्या एक तास मागे. अपॉइंटमेंट देताना "आमची वेळ" असं बजावून सांगावं लागतं, नाहीतर माणूस तासभर उशिरा येतो आणि रागही त्यालाच येतो.

बाबा, तुमच्या बातम्यांमधल्या भीतीबद्दल. हो, २०२० मध्ये तिथे शंभरातली पंच्याऐंशीच्या वर मतं ट्रम्प यांना पडली. लपवत नाही. लोक बहुतेक गोरे आहेत, उत्तरेला सीमेपलीकडे साउथ डकोटात लाकोटा या मूळ अमेरिकन लोकांची रोझबड वस्ती आहे. पण रोजचं राजकारण तुमच्या दूध सोसायटीच्या जास्त जवळ जाईल. नेब्रास्काच्या विधिमंडळात एकच सभागृह, ४९ सदस्य, आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नसतं. काउंटीत खरी भांडणं दोन. एक जमिनीवरचा कर, कारण शाळा बऱ्याचशा त्याच्यावर चालतात आणि ज्याच्याकडे वीस हजार एकर वाळू आहे त्याच्या हातात रोख असतेच असं नाही. दुसरं पवनचक्क्या. २०१९ मध्ये किलगोर गावाजवळच्या पवनचक्क्यांना काउंटी बोर्डाने २ विरुद्ध १ मताने परवानगी दिली आणि प्रकरण कोर्टात गेलं. ज्याच्या जमिनीवर पातं फिरणार त्याला भाडं, शेजाऱ्याला फक्त आवाज. शिवाय क्रेन नेण्यासाठी रस्ते केले की गवत फाटतं आणि परत तोच ब्लोआउट. मला दोन्ही बाजू पटतात, म्हणून मी तिथे तोंड उघडणार नाही. डॉक्टरला दोन्हीकडचे रुग्ण लागतात. मला खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. गरिबांच्या मेडिकेड विम्याची व्याप्ती वाढवायला राज्यातल्या मतदारांना २०१८ मध्ये स्वतः कौल द्यावा लागला, आणि तो लागू व्हायला २०२० चा ऑक्टोबर उजाडला.

थंडीचं आईला सांगते. काही रात्री उणे तीसपर्यंत जातं, पण घरात मी सुती कुडत्यात असेन. गावाबाहेर घर तापवायला प्रोपेन गॅसची टाकी असते. ५०० गॅलनची टाकी ८० टक्केच भरतात, कारण उन्हात गॅस फुगतो, आणि ३० टक्क्यांवर आली की फोन करायचा, वादळाचा अंदाज आल्यावर नाही. भट्टीचा धूर बाहेर नेणारी नळी बर्फाने बुजली तर विषारी वायू घरात साठतो, त्याचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ लावणार आहे. गाडीत फावडं, घोंगडी, खजूर, टॉर्च. पेट्रोल अर्ध्याच्या खाली नाही. बर्फात अडकलं तर गाडी सोडून चालायचं नाही. सायलेन्सरचं तोंड मोकळं करायचं, तासाला दहा मिनिटं इंजिन चालवायचं, खिडकी बोटभर उघडी. तिन्हीसांजेला हरणं रस्त्यावर येतात, तेव्हा स्टिअरिंग वळवायचं नाही, ब्रेक दाबायचा. बघ, किती शहाणी झाले आहे. अजून पायमोजे घालून झोपते मात्र, तू लहानपणी रात्री चढवायचीस तसे.

डाळ, पीठ, गोडा मसाला पोस्टाने येतं. तरी मसाला तूच पाठव, अर्धा किलो पुरे, दुहेरी पिशवीत.

तुम्ही यायचं ते जूनमध्ये, डिसेंबरचं नाव काढायचं नाही. डेन्व्हरहून नॉर्थ प्लॅट, तिथून मी गाडीने दोन तासांत नेईन. आई, नायोब्ररा नदीवर जुन्या रेल्वेचा पूल आहे, आता चालायला नि सायकलला, अगदी सपाट, तुझ्या गुडघ्यांना चालेल. आणि फेब्रुवारीत जगभरातली प्रेमपत्रं त्या गावच्या पोस्टाचा शिक्का मारून घ्यायला येतात. बाबा, एक तुम्ही पाठवून बघा, मी पत्ता देते.

आता माझं ऐका. बाबांची बीपीची गोळी सकाळी, चहाआधी. चुकली आणि संध्याकाळी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन घ्यायच्या नाहीत. एचबीएवनसी, ती साखरेची तपासणी, दर तीन महिन्यांनी, एकाच लॅबमध्ये, आणि रिपोर्टचा फोटो सरळ धरून काढा. आई, बाथरूममधला दांडा या महिन्यात बसव. प्लंबर नको, गवंडी बोलाव, तो भिंतीत पक्का बसला पाहिजे. टॉवेलच्या दांडीला धरायचं नाही, ती वजन घेत नाही. अंधार पडल्यावर बाबांनी नारायणगावच्या रस्त्याला स्कूटर काढायची नाही, मोतीबिंदूचं होईपर्यंत तरी. रागावू नका, दिवसा कुठेही जा.

फोन तुमच्या सकाळी सातला. हिवाळ्यात माझे तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात, उन्हाळ्यात साडेआठ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इकडचं घड्याळ बदलतं, कॅलेंडरवर खूण करा. फोन लागला नाही तर टेकड्यांमध्ये सिग्नल नसेल, लगेच मामाला फोन करायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबा, मगच मामा.

तुमची,
चिमी

ता. क. निळ्या फाइलमधला माझा जन्मदाखला स्कॅन करून हवा आहे. मूळ कागद कुरिअरने पाठवू नका.